पुढचं दार, मागचं दार

माझ्या मावशीला लॉन्ड्रीत सगळे 'भोंगा' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमची लॉन्ड्री होती. चार मोठी धुलाईची मशीनं, एक बॉयलर आणि वर पत्र्याचं छत. मशीनं सुरू झाली की शेजारी उभ्या बाईलासुद्धा हातवारे करून सांगावं लागायचं. मावशीला तशी गरज पडत नसे. तिचा आवाज त्या सगळ्या खडखडाटाच्या वरून जायचा. बॉयलरवाले काका म्हणायचे, "हिच्या पोटात वाफ भरलीय का, एकदा बघून घ्या कुणीतरी."

मी तिची भाची. माझी आई तिची धाकटी बहीण. सतराव्या वर्षी मावशीनंच मला तिथं कामाला लावलं आणि स्वतःसमोर चादरीचं दुसरं टोक धरायला उभं केलं. चादरीची घडी एकटीला घालता येते, पण दिवसाला पाचशे घालता येत नाहीत. त्यासाठी दोघी लागतात. दोन दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, पुढं येऊन टोकाला टोक भिडवायचं, मागं जायचं, पुन्हा पुढं यायचं. लय चुकली की घडी तिरकी बसते आणि गठ्ठा वॉर्डातून परत येतो, वर बोलणी खावी लागतात ती वेगळीच. म्हणून मावशीनं एक गाणं केलं होतं. केलं म्हणजे काही बसून रचलं नव्हतं. हात चालता चालता जमत गेलं.

टोकाला टोक गं, काठाला काठ,
ताण गं बाई, वाकव नको पाठ.
पुढं ये, मागं जा, पुन्हा पुढं ये,
चादर मोठी, दोघींची आहे.

यात काव्य किती ते जाणकार सांगतील. पण आमच्या आठ जोड्या समोरासमोर उभ्या राहून हे म्हणायला लागल्या, की सोळा बायांचे हात एकदम वर जायचे आणि आठ चादरींचा मिळून एकच फटकारा उठायचा. नवी आलेली बाईसुद्धा तासाभरात कामाला लागायची. मुकादम कडक होता, पण गाण्याला कधी आडवा आला नाही. गाणं चालू असलं की गठ्ठे वेळेवर निघतात, हे त्याला कळत होतं.

आम्ही पलीकडचे. कालव्याच्या पलीकडे आमची वस्ती, म्हणून आम्हाला तसं म्हणत. आमची ओळखपत्रं तपकिरी असत, शहरवाल्यांची पांढरी. इस्पितळाला दोन फाटकं होती. पुढचं पांढऱ्या कार्डांसाठी, ते कायम उघडं. मागचं आमच्यासाठी. ते सकाळी आठ ते अकरा उघडायचं आणि संध्याकाळी चार ते सहा. मधल्या वेळात आजारी पडायचं नाही, असं आम्ही हसत हसत म्हणायचो. हसायचो, हे खरं आहे. आज ते आठवलं की मला माझीच शरम वाटते. त्या इस्पितळाच्या साऱ्या चादरी आम्ही धुवायचो, आणि ज्या खाटांवर त्या पडायच्या त्यातल्या निम्म्या खाटा आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. बावीस वर्षं मावशी तिथं काम करत होती. पुढच्या फाटकातून ती एकदाही आत गेलेली नव्हती, आणि जावं असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

मावशीला एकच मुलगी. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणायची. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. ताईला आठवा संपत आला होता. सगळं ठीक चाललं होतं. आदल्या दिवशी ती आमच्याकडे येऊन तासभर गप्पा मारून गेली होती, पाय सुजलेत म्हणून मला दाबायला लावले होते.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तिला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला. भावोजींनी वखारीतली हातगाडी आणली, तिच्यावर गादी टाकली, ताईला झोपवलं आणि पळत पळत इस्पितळ गाठलं. पुढच्या फाटकावर दरवान होता. हा दरवान आमच्याच वस्तीतला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. फाटकावर पलीकडचाच माणूस ठेवायचा, म्हणजे पलीकडच्यांना नाही म्हणायचं वाईट काम शहरवाल्याला करावं लागत नाही, अशी ती सोय होती. त्यानं ताईला ओळखलं. लहानपणी तिला त्यानं खांद्यावर बसवून फिरवलं होतं, न ओळखायला काय झालं.

तो भावोजींना म्हणाला, "मागून आणा. पुढून सोडलं तर माझी नोकरी जाईल."

भावोजी म्हणाले, "मागचं बंद असतं या वेळेला."

"हाक मारा, कुणीतरी उघडेल."

भावोजींनी गाडी वळवली. इस्पितळाची भिंत लांबच लांब, तिला वळसा घालायला दहा मिनिटं लागली. मागच्या फाटकाला कुलूप होतं. आत चिटपाखरू नव्हतं. भावोजींनी फाटक बडवलं, दगड घेऊन बडवलं. मावशीच्या नावानं हाका मारल्या, माझ्या नावानं मारल्या. त्या फाटकापासून आमच्या लॉन्ड्रीची भिंत पंधरा पावलांवर होती. खिडक्या उघड्या होत्या.

पंधरा मिनिटं ते ओरडत होते. मग गाडी घेऊन पुन्हा पुढच्या फाटकावर आले. दरवान आत विचारायला गेला. ऑफिसातल्या कारकुनानं घड्याळाकडे बघून सांगितलं, चारला उघडेलच की. दरवान तो निरोप घेऊन परत आला, तोवर ताई गेली होती. फाटकाबाहेर, हातगाडीवर. बाळही गेलं. फाटकावर आल्यापासून सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत.

आम्हाला चारला कळलं. बॉयलरवाले काका दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी मशीनं बंद केली. मशीनं मध्येच कधी बंद होत नसत. त्या शांततेत त्यांनी मावशीला सांगितलं. सरळ एका वाक्यात सांगितलं, आडून आडून नाही.

मावशीच्या हातात चादर होती, दुसरं टोक माझ्याकडे. ती पुढं आली, तिनं माझ्या टोकाला टोक भिडवलं, मागं गेली, पुन्हा पुढं आली, घडी पूर्ण केली आणि गठ्ठ्यावर ठेवली. कड नीट बसली नव्हती, ती हातानं सारखी केली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणाले गं हे?"

मी तिच्याकडे न बघता त्या चादरीकडेच बघत होते.

भावोजी फाटकाबाहेर हातगाडीच्या चाकाला टेकून बसले होते. मावशीला बघून उठले. त्यांनी तिला दोष दिला नाही. दोष द्यायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. जे झालं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "मी मागच्या फाटकावरून तुम्हाला खूप हाका मारल्या. आत गाणं चालू होतं."

मी मावशीकडे बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. आम्ही सोळाजणी होतो तिथं, आणि त्या पंधरा मिनिटांत आम्ही काय करत होतो ते आम्हा प्रत्येकीला माहीत होतं. चादरी सुरात झटकत होतो.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा होती. दफनभूमीला जाणारा रस्ता इस्पितळाच्या पुढच्या फाटकावरूनच जातो. वस्तीतली माणसं खवळलेली होती. पोलिसांनी सकाळीच येऊन बजावलं: घोषणा द्यायच्या नाहीत, भाषण करायचं नाही, फाटकासमोर रेंगाळायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. तीन-चारशे माणसं असतील, पण पावलांखेरीज आवाज नव्हता. मावशी कालपासून एक अक्षर बोलली नव्हती. पाणी दिलं तर प्यायची, बस म्हटलं तर बसायची. भोंगा बंद पडला होता. मला वाटलं, हा आवाज आता आपल्याला परत ऐकायला मिळायचा नाही.

फाटकासमोर आलो. दरवान आपल्या जागेवर होता, गणवेशात, मान खाली घालून. मावशी थांबली. ती थांबली म्हणून मागचे थांबले. एक पोलीस पुढं सरकला. मावशीनं तोंड उघडलं, आणि मी तिला धरायला हात पुढं केले, कारण मला वाटलं ही आता हंबरडा फोडणार.

तिनं गाणं म्हटलं.

पुढचं दार गं, मागचं दार,
मधे उभी माझी लेक बेजार.
पुढं ये, मागं जा, कुठं कुठं जाऊ,
कुलूप काढ रे, दरवान भाऊ.

चाल तीच होती, घडीची. जगातलं दुसरं कुठलंही गाणं चाललं असतं. याच गाण्यानं काल भावोजींची हाक गिळली होती, आणि तिची आई आज तेच म्हणत होती. मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. तेवढ्यात माझ्या मागून लॉन्ड्रीतल्या दोघी-तिघींनी दुसरी ओळ उचलली. मग सगळ्यांनी. हातात चादर नव्हती, तरी हात वर जात होते. पोलीस गोंधळून एकमेकांकडे बघू लागले. ही घोषणा नव्हती, भाषण नव्हतं. त्यांना गाण्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मी पण म्हटलं. कसं म्हटलं ते विचारू नका.

त्या संध्याकाळी घरी मी तिला विचारलं, "मावशी, तेच गाणं कसं गं म्हणवलं तुला?"

दोन दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "काल ते भिंतीच्या आत म्हटलं, म्हणून बाहेरचं ऐकू आलं नाही. आता बाहेर म्हणेन. बघू आतल्यांना किती काम सुचतं."

तेव्हापासून रोज दुपारी तीनला, आमच्या चहाच्या सुट्टीत, मावशी पुढच्या फाटकासमोर जाऊन उभी राहायला लागली. पहिले दोन दिवस आम्ही सातजणी होतो. मग सोळा झालो. मग वखारीतले हमाल यायला लागले, कालव्यावरची माणसं आली. पंधरा मिनिटं म्हणायचं आणि कामाला परत जायचं. मुकादम कामचुकार म्हणून कुणाला काढू शकत नव्हता, कारण गठ्ठे बरोबर निघत होते. फक्त आत आता कुणी गात नव्हतं. लॉन्ड्रीत आम्ही तोंड मिटून घड्या घालायचो आणि खिडकीशी एकजण कान देऊन उभी असायची.

तीन आठवड्यांनी मी आणि मावशी शहरात धुण्याचा सोडा आणायला गेलो होतो. बसथांब्यावर आम्ही आमच्या मागच्या रांगेत उभ्या होतो. आमच्या पुढं दोन अनोळखी बाया हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. मावशीनं माझा दंड धरला.

पुढची सीट गं, मागची सीट,
तिकीट सारखंच, बघून घ्या नीट.

"हे आपलं आहे का गं?" मावशी माझ्या कानात म्हणाली. तिचे डोळे एवढे मोठे झालेले मी कधी पाहिले नव्हते.

मी त्यातल्या एकीला विचारलं, "हे गाणं कुठलं हो?"

"फार जुनं आहे," ती बाई म्हणाली. "माझी आजी म्हणायची."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. तीन आठवड्यांचं गाणं, आणि त्याला आजीसुद्धा झाली होती. मी मावशीला म्हटलं, सांगू का तिला तुझं आहे म्हणून. ती म्हणाली, "गप बस. तिला आजी आहे तर असू दे."

नंतर कळत गेलं. बस डेपोत झाडणाऱ्या माणसांनी सीटचं कडवं जोडलं होतं. आमची पोरं ज्या शाळेत शेवटच्या बाकांवर बसवत, तिथल्या शिपायांनी आपलं जोडलं होतं: पुढचा बाक गं, मागचा बाक, फळा दिसेना, गुरुजींना हाक. ज्याचं त्याला पुढचं नि मागचं सापडत होतं, शोधावं लागत नव्हतं. मावशीला प्रत्येक नवं कडवं कुणीतरी येऊन ऐकवायचं आणि ती दर वेळी तशीच अवाक होऊन ऐकायची. मी तिला एकदा म्हटलं, तुला आनंद होत नाही का. ती म्हणाली, "भीती वाटते. एवढी दारं आहेत होय."

मग सरकारी हुकूम निघाला. हे गाणं सार्वजनिक जागी म्हणायला बंदी. कोणतं गाणं याबद्दल शंका राहू नये म्हणून हुकुमात ते अख्खंच्या अख्खं छापलं होतं, सगळ्या कडव्यांसकट, आणि चौकाचौकात डकवलं होतं. ज्यांना शब्द येत नव्हते त्यांचीही सोय झाली. बॉयलरवाले काका चष्मा लावून भिंतीसमोर उभे राहून पाठ करत होते.

दुसऱ्या दिवशी तीनला आम्ही फाटकासमोर उभ्या राहिलो आणि नुसती चाल म्हटली. तोंड मिटून. हूं हूं करत. दोनशे माणसं ओठ न उघडता म्हणत असली की तो आवाज तोंडातून येतो असं वाटत नाही, जमिनीतून येतो असं वाटतं. शब्दांनी जेवढं घाबरायला झालं नव्हतं तेवढं मला त्या आवाजानं झालं. चौथ्या दिवशी पोलिसांनी गाडी आणली आणि आम्हा अकराजणींना उचललं. मावशीला चढवताना एका शिपायानं काठी तिच्या पाठीत हाणली. ती पडली, उठली, आणि चढताना चाल तिथूनच पुढं धरली, जिथं तुटली होती.

कोर्टात आमच्या बाजूनं एक तरुण वकीलबाई उभी राहिली. ती पांढऱ्या कार्डाची होती. तिच्यावर आम्ही फारसा भरवसा ठेवला नव्हता. कोर्टाची खोली लांबट, मागं चार बाकं आमच्या वस्तीतल्या माणसांनी गच्च भरलेली, कडेला पोलीस. न्यायाधीश म्हातारे, सर्दी झालेले, सारखे नाक पुसत होते.

वकीलबाईचं म्हणणं साधं होतं. बंदी गाण्यावर आहे, हुकुमात शब्द छापलेत. माझ्या अशिलांनी शब्द म्हटलेच नाहीत. गुणगुणण्यावर बंदी कुठं आहे?

तेव्हा सरकारी वकिलानं साक्षीदार बोलावला. फाटकावरचा दरवान. तो रोज समोर उभा होता, त्याच्याइतकं ते कुणी ऐकलं नव्हतं.

दरवान पिंजऱ्यात उभा राहिला. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. मावशी मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती.

सरकारी वकिलानं विचारलं, "या बाया जे गुणगुणत होत्या ते बंदी घातलेलंच गाणं होतं का?"

"हो," दरवान म्हणाला.

मागच्या बाकांवरून कुणीतरी थुंकल्यासारखा आवाज केला. आपल्या माणसानं आपल्याला दुसऱ्यांदा फाटकाबाहेर ठेवलं, असं मला वाटलं.

वकीलबाई उठली. "शब्द नव्हते ना?"

"नव्हते."

"मग तेच गाणं, हे कशावरून ओळखलंत?"

"चालीवरून."

"चाल ओळखीची वाटली, की नक्की तीच होती? दहा गाण्यांची चाल सारखी असते. कोर्टाला म्हणून दाखवा."

सरकारी वकील हरकत घ्यायला उठला. न्यायाधीशांनी नाक पुसत हात हलवला. "दाखवू दे. आम्हालाही कळू दे काय आहे ते."

मला वाटलं, आता दरवान म्हणेल की जमत नाही. त्यानं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि गुणगुणायला लागला. आवाज आधी फुटका होता. पहिली ओळ, दुसरी. आणि तिसऱ्या ओळीला त्याचे ओठ उघडले.

पुढं ये, मागं जा, कुठं कुठं जाऊ,
कुलूप काढ रे, दरवान भाऊ.

त्याला कुणी शब्द विचारले नव्हते. तो सरकारचा साक्षीदार होता, सरकारी गणवेशात होता, आणि भर कोर्टात बंदीचं गाणं म्हणत होता, ज्यात त्यालाच पुकारलं होतं. तो थांबला नाही. पुन्हा पहिल्यापासून त्यानं घेतलं, या वेळी सगळं शब्दांनी. पोलीस जागचे हलले नाहीत. सरकारी वकिलाचं तोंड उघडंच राहिलं होतं. न्यायाधीशांचा रुमाल नाकाशी तसाच. मग मागची चार बाकं उठून उभी राहिली आणि त्यांनी उचललं. आमच्या वकीलबाईचे ओठ हलताना मी पाहिले.

मावशी गात नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

न्यायाधीशांनी कामकाज थांबवलं. निकाल तीन दिवसांनी लागला: मावशीला सहा आठवडे, आम्हा बाकीच्यांना दोन. दरवानाला कोर्टाचा अपमान केला म्हणून एक महिना, आणि नोकरीवरून तिथल्या तिथं कमी.

आम्हाला नेण्याआधी मागच्या व्हरांड्यात सगळ्यांना एका बाकावर बसवून ठेवलं होतं. दरवान मावशीपासून दोन हातांवर बसला होता. तोच आधी बोलला.

"आक्का, नियम मी केला नव्हता. एवढी मोठी माणसं आहेत वर. गाण्यात तू मलाच का घातलंस?"

मावशी म्हणाली, "नियम कुणी केला त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही. तुझं पाहिलंय."

त्यानं मान खाली घातली. मग मावशी म्हणाली, "सूर बरा आहे तुझा."

एवढंच. त्यापुढं त्या दोघांत जन्मभर दहा वाक्यंही झाली नसतील.

कोर्टात जे झालं ते आठवड्याभरात सगळीकडे पोचलं. आम्ही तुरुंगातून सुटलो तेव्हा दुसऱ्या तीन शहरांत फाटकांसमोर माणसं उभी राहत होती. वर्ष गेलं. त्यात मोर्चे झाले, डोकी फुटली, आमच्या वकीलबाईनं अर्जांमागून अर्ज केले. नुसत्या गाण्यानं कुलूप निघालं असं मी म्हणणार नाही. पण अर्ज वाचायला ज्यांना येत नव्हतं त्यांना रोज तीन वाजता घराबाहेर काढलं ते गाण्यानंच. चौदाव्या महिन्यात मागच्या फाटकाच्या वेळा रद्द झाल्या, आणि पुढच्या वर्षी कार्डांचे रंगही गेले.

मावशीला लॉन्ड्रीत परत घेतलं नाही. तिनं वस्तीतच कपडे धुवायचं काम धरलं. लोक तिला सभांना बोलवायचे. ती जायची, एकदा म्हणायची, खाली बसायची. टाळ्या वाजवलेल्या तिला आवडत नसत. दरवानाचं मात्र नाव झालं. 'गाणारा दरवान' म्हणून त्याच्यावर वर्तमानपत्रात लेख आले, लोक त्याला हार घालायचे. मी एकदा चिडून म्हटलं, ताईला अडवलं त्याला हार, आणि तू इथं साबण घासतेस. मावशी म्हणाली, "त्यानं जे केलं ते माझ्याच्यानं झालं नसतं. स्वतःलाच शिवी असलेलं गाणं म्हणणं सोपं नाही." मग बादली उचलताना म्हणाली, "पण म्हणून चाळीस मिनिटं परत येत नाहीत."

दरवान वारला तेव्हा मावशी सत्तरीची होती. मी तिला म्हटलं, नको जाऊस. ती आली. माणूस लोटला होता, शहरातलीही माणसं होती. सगळ्यांना वाटत होतं, आता मावशी गाणं म्हणणार. एका पुढाऱ्यानं येऊन तिला हात जोडून तसं विनवलं. ती म्हणाली, "ज्याला म्हणायचंय त्यानं म्हणावं. मी आलेय, तेवढं पुरे."

पुढाऱ्याचा चेहरा पडला. पण गाणं सुरू झालंच, गर्दीतून कुठूनतरी. शे-दोनशे माणसं म्हणायला लागली. पुढचं दार, मागचं दार झालं, पुढं ये मागं जा झालं, आणि चौथ्या ओळीशी येऊन सगळे एकाएकी गप्प झाले. समोर तो निजलेला, आणि ओळ त्याच्यावरची. कुणाला ती म्हणवेना. लोक खाली बघायला लागले.

तेव्हा त्याची बायको म्हणाली ती ओळ. एकटी. पांढरे केस, दात पडलेले, आवाज म्हणजे नुसती हवा. कुलूप काढ रे, दरवान भाऊ. शेवटपर्यंत नीट म्हटली, आणि तोंडाला हात लावून बसली.

मावशीचा हात माझ्या हातात होता. तिनं तो एकदम काढून घेतला. अख्ख्या आयुष्यात मी तिला इतकी हादरलेली पाहिली नव्हती, ताईची बातमी आली तेव्हासुद्धा नाही.

घरी येताना अर्ध्या वाटेवर ती थांबली.

"तिचा मी कधी विचारच केला नाही गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळं गाव तिच्या नवऱ्याच्या नावानं ते गात होतं. ती घरात बसून ऐकत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या बाईकडे गेली. दुपारपर्यंत तिथंच होती. काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.